रविवारचं मौन

आवडाबाईंनी जांभई दिली आणि घरात बोंबाबोंब झाली.

सकाळचे साडेसात वाजले होते. मुकुंदवाडीच्या त्या दोन मजली घरात अजून झाडलोटही व्हायची होती. द्वारकाअक्का वैजापूरहून पहाटेच्या एसटीनं येऊन नुकत्याच टेकल्या होत्या. शेताच्या वाटणीनंतर सहा वर्षं त्यांनी भावाच्या उंबऱ्यात पाऊल टाकलं नव्हतं. आता भाचीसाठी त्यांनी स्वतः स्थळ आणलं होतं, अकरा वाजता पाहुणे यायचे होते, आणि सगळं घर अक्कांच्या पुढं-मागं करत होतं. आवडाबाईंनी त्यांच्या हातात चहा दिला, रात्रभर झोप नव्हती म्हणून पदराआड जांभई दिली. पण पदर जरा उशिरा आला.

"आवडे," अक्का कप खाली ठेवून म्हणाल्या, "तोंडात काय चमकलं गं?"

"कुठं काय."

"तोंड उघड."

अठ्ठावन्न वर्षांच्या आवडाबाईंनी सहासष्ट वर्षांच्या नणंदेसमोर शाळेतल्या पोरीसारखं तोंड उघडलं. वरच्या सगळ्या दातांवर तार बसवलेली होती. प्रत्येक दातावर एक चौकोनी चकती, आणि चकतीभोवती इवलंसं रबर. रबराचा रंग मोरपंखी.

"देवा!" अक्का उभ्याच राहिल्या. "बद्री! ए बद्री! इकडं ये, तुझ्या बायकोनं काय करून घेतलं बघ!"

बद्रीनाथ अर्धी दाढी करून तसेच बाहेर आले. मागून चोवीस वर्षांचा शिवम आला, आणि त्याच्या मागं सोनिया, डोक्याला टॉवेल गुंडाळलेली. काल संध्याकाळी आवडाबाई दाढ दुखते म्हणून शहागंजातल्या दवाखान्यात गेल्या होत्या. आल्या त्या तोंडाला पदर लावूनच, आणि न जेवता झोपल्या. एवढंच घराला माहीत होतं.

"दात सरळ करायचेत," आवडाबाई म्हणाल्या. तारेमुळे जीभ अडखळत होती, 'स' नीट निघत नव्हता.

"आता?" बद्रीनाथांनी विचारलं. "या वयात?"

"आई, कॉलेजला ॲडमिशन घेतलीस का?" शिवमला हसू आवरेना.

"तू गप रे." अक्कांचा आवाज चढला. "लेकीचं लगीन काढायचं वय, आन ही सवताच दातं नीट करायला निघाली. पाहुणे काय म्हणतील? पोरीच्या आधी आईलाच नटायची घाई! काढून ये ते. आत्ताच्या आत्ता."

"ते निघत नसतं, अक्का. दोन वर्षं ऱ्हातं."

"दोन वर्षांनी साठीची होशील!"

"तारा नाय लावल्या तरी होणारच हाय की."

यावर शिवम मोठ्यानं हसला. बद्रीनाथ हसले नाहीत. ते बायकोच्या तोंडाकडे असे बघत होते, जणू घरातली भिंत कुणीतरी न विचारता पाडली आहे. "काढून टाक," एवढंच म्हणाले, आणि उरलेली दाढी करायला निघून गेले.

सोनियानं आपला कप उचलला आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. तार गालाला टोचत होती त्यापेक्षा ते आवडाबाईंना जास्त लागलं.

मग उपाय शोधणं सुरू झालं. आईनं स्वयंपाकघरातच राहावं, असं अक्कांचं म्हणणं. पण मुलीची आई बाहेर आलीच नाही तर पाहुण्यांना वेगळाच संशय. मास्क लावावा तर आजारी बाई चहा-पोहे कशाला देते? शेवटी शिवमच म्हणाला, "आईला मौन आहे म्हणू. रविवारचं मौन. ती नुसती नमस्कार करील, मान हलवील, तोंड उघडायचा प्रश्नच नाही."

तो गमतीनं बोलला होता. अक्कांनी ते उचलून धरलं.

"बरोबर बोलला. मौन म्हणलं की मान बी वाढतो. आवडे, दोन घंट्याचा सवाल हाय. पोरीच्या जल्माचं हाय."

आवडाबाईंनी सोनियाच्या बंद दाराकडे पाहिलं आणि मान हलवली.

*

सोनिया आरशासमोर साडीच्या निऱ्यांशी झगडत होती. निऱ्या चौथ्यांदा सुटल्या.

तिचे दात सरळ होते. फोटोत ती छान हसायची, आणि स्थळाकडे गेलेल्या फोटोतही हसतच होती. पण चौदाव्या वर्षापर्यंत तिचे दात अगदी आईसारखे, ओठांवर येणारे होते. तेव्हा सगळं घर नको म्हणत असताना आईनं तिला दंतवैद्याकडे नेलं होतं. दोन वर्षं, दर महिन्याला, रिक्षानं. सोनिया खुर्चीत आ करून पडायची आणि आई बाकावर फाइल मांडीवर घेऊन बसायची. एकदा आईनं डॉक्टरांना विचारलं होतं, "माझे बी व्हत्याल का हो सरळ?" म्हातारे डॉक्टर हसले होते. "मावशी, आता तुमचं वय राहिलं का?" आईही हसली होती, तोंडावर हात ठेवून.

आणि मीही हसले होते, सोनियाला आठवलं. चव्वेचाळीसची होती आई तेव्हा.

आई खोलीत आली. न बोलता तिनं निऱ्या हातात घेतल्या, एकसारख्या केल्या, खोचल्या.

"कालच का गं, आई?" सोनियानं विचारलं. "पुढच्या आठवड्यात नसतं चाललं?"

"डॉक्टरीणबाई उद्या हैदराबादला चालल्यात, बहिणीच्या लग्नाला. पंधरा दिवसांनी येतील. पंधरा दिवसांनी माझी हिंमत ऱ्हायली नसती."

"त्या काय म्हणाल्या? म्हणजे... वयाचं?"

आवडाबाईंच्या डोळ्यांत हसू आलं. डॉक्टर महेजबीन तिशीच्या आतली होती, जेमतेम सोनियाएवढी. तिनं हिरड्या दाबून बघितल्या होत्या, एक्स-रे काढला होता आणि म्हणाली होती, 'खाला, दातां को उमर नइं मालूम रहती. हिलाए तो हिलते.' मग रबरांच्या रंगांचं कार्ड पुढं धरलं होतं. आवडाबाईंनी क्षणभरही विचार न करता मोरपंखी रंगावर बोट ठेवलं होतं.

पण हे सगळं सांगायला वेळ नव्हता. बाहेर गाडीचं दार वाजलं. आवडाबाईंनी ओठ मिटले.

*

द्वारकाअक्कांना माणसं पारखता येतात, असा अक्कांचा स्वतःबद्दल विश्वास होता. कडूबा आणि चतुराबाई यांना त्या वीस वर्षं ओळखत होत्या. वैजापूरच्या मार्केट यार्डात कडूबांची कांद्याची आडत, आणि आता ती मुलगा अभय सांभाळतो. चतुराबाई देवभोळी, शब्दाला पक्की. घर चांगलं. आज काही बिघडलं तर सहा वर्षांनी जुळलेलं माहेर पुन्हा तुटेल, ही धास्ती अक्कांनी कुणाला सांगितली नव्हती.

"आमच्या वहिनीला आज मौन हाय," पाहुणे बसल्या बसल्या त्यांनी जाहीर केलं.

चतुराबाईंनी लगेच हात जोडले. "व्हय का? कोणत्या देवाचं?"

"खंडोबाचं," अक्का म्हणाल्या.

"सूर्यनारायणाचं," बद्रीनाथ त्याच क्षणी म्हणाले.

चतुराबाईंनी दोघांकडं पाहिलं. "दोन्ही देवांचं! लई कडक. किती दिवसांचं धरलं?"

"दोन वर्षं," शिवमच्या तोंडून निघून गेलं.

"दोन वर्षं! दर रविवारी!" चतुराबाई उठून आवडाबाईंपाशी गेल्या आणि त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "ताई, मला तर एक घंटा जमायचं नाय."

"ते खरंय," कडूबा म्हणाले.

आवडाबाईंनी मान खाली घातली. पाहुण्यांना वाटलं, काय ही नम्रता. आवडाबाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या फक्त अक्कांना दिसल्या.

पोहे आले, चहा आला. यंदा पाऊस कसा, कांदा कसा, सोलापूर-धुळे रस्त्याचं काम कुठवर आलं, असं सगळं बोलून झालं. अभय बत्तीस वर्षांचा, कमी बोलणारा माणूस. पोह्यातल्या मिरच्या वेचून बशीच्या कडेला लावत होता. सोनिया शेंद्र्याच्या औषध कंपनीत प्रयोगशाळेत होती. कंपनीतलं काम कसं असतं, हे त्यानं विचारलं आणि लक्ष देऊन ऐकलं. अक्कांचा जीव भांड्यात पडला.

"आता पुढं काय ठरवलं?" चतुराबाईंनी सोनियाला विचारलं.

"एम.फार्म. करायचंय. यंदा प्रवेश परीक्षा देणार आहे. दोन वर्षांचं आहे."

"म्हंजे अजून शिकणार?" चतुराबाईंचा आवाज गोडच होता. "राग मानू नको बाई, पण अठ्ठावीस संपत आलं तुझं. शिकायचं वय गेलं आता. आता लेकराबाळाचं वय. तिशीच्या आत एक झालेलं बरं असतं, नायतर पुढं लई तरास. प्रत्येक गोष्टीचं एक वय असतं. का हो, अक्का?"

"व्हय, व्हय. बरोबर हाय तुमचं," अक्कांनी घाईनं मान डोलावली.

बद्रीनाथ चहात बघत राहिले. शिवमनं फोन काढला. सोनिया पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिचं तोंड उतरलं.

"कोन ठरवतं हो हे?"

आवाज कुठून आला ते आधी कुणालाच कळलं नाही. चतुराबाईंनी तर देव्हाऱ्याकडं पाहिलं.

आवडाबाई उभ्या होत्या. तोंड उघडं होतं आणि वरची तार खिडकीतल्या उन्हात लखलखत होती.

"बाराव्या वर्षी शाळेतून काढलं मला. कामून? तर मोठी झाली. अठराव्या वर्षी लगीन लागलं, तवा ह्याच अक्का मला म्हणल्या, फोटोत तोंड मिटून बस, दातं दिसतात. चव्वेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरला विचारलं, तर म्हणला, मावशी, उशीर झाला. आधी मोठी झाले, मग उशीर झाला. मधलं ते बरोबर वय कोणत्या दिवशी येऊन गेलं, तेवढं मला सांगा. मी घरीच व्हते. मला कसं दिसलं नाय?"

आवडाबाई सोनियामागं येऊन उभ्या राहिल्या.

"माझ्या पोरीला शिकायचंय. तिला असं सांगू नका."

"ताई," चतुराबाई हळूच म्हणाल्या, "तुमचं मौन..."

"मौन नव्हतं. दाताला तारा लावल्यात म्हणून गप बसवलं व्हतं मला. मी बी बसले. चूक माझी."

अक्कांनी डोळे मिटून घेतले.

पाहुणे आणखी पाच मिनिटं बसले. कडूबांनी घड्याळ पाहिलं, रस्त्यात गर्दी लागेल म्हणाले. 'कळवतो' म्हणाले. त्या शब्दाचा अर्थ घरातल्या प्रत्येकाला माहीत होता. चतुराबाई कुणाकडंही न बघता गाडीत जाऊन बसल्या. अभय दारात बुटाच्या नाड्या बांधत मागं राहिला. उठला, आणि आवडाबाईंना म्हणाला, "काकू, लई दुखतं का ते?"

आवडाबाई गोंधळल्या. "गालाला टोचतं जरा. मेण दिलंय लावायला."

"पहिले चार दिवसच. माझ्या मित्राला होतं. गरम काही खाऊ नका," असं म्हणून तो गेला.

*

"झालं! समाधान झालं तुझं?" फाटक लागताच अक्का फिरल्या. "चांगलं सोन्यासारखं घर व्हतं. मी शब्द टाकून आणलं. पोरीची आई अशी बोलली म्हणून आता साऱ्या यार्डात बोभाटा होईल. आन तुला काय पडलंय? तुला दातं पायजेत."

"आत्या," सोनिया म्हणाली.

"तू मधी पडू नको."

"मीच पडायला पाहिजे होतं. सकाळीच." सोनिया आईजवळ येऊन उभी राहिली. "काल संध्याकाळपासून आई जेवली नाही. आपण चार माणसं घरात. मास्क लावू, मौन लावू, लपवू, सगळं बोललो. दुखतंय का, हे आपल्यापैकी कुणी विचारलं? अभय जाताना विचारून गेले, ज्यांना तिला भेटून जेमतेम एक तास झाला होता."

अक्कांनी भावाकडं पाहिलं, पण बद्रीनाथ आपल्या चपलांकडं बघत होते.

"अण्णा, तुम्ही तरी बोला," शिवम वडिलांना म्हणाला. त्याची सकाळची चेष्टा उतरली होती.

बद्रीनाथ गच्चीवर निघून गेले.

दुपारी जेवायला सगळे वेगवेगळे बसले. दीड वाजता अक्का पिशवी भरायला लागल्या. मग पिशवी तशीच ठेवून स्वयंपाकघरात गेल्या, गार दूध घेतलं, त्यात भाकरी चुरली आणि मऊ काला करून वाटी आवडाबाईंच्या पुढं सरकवली.

"हे काय, अक्का? म्हाताऱ्यांचं खाणं?"

"लेकरांचं बी असतं," अक्का तोंड फिरवून म्हणाल्या. "खा. साखर घातलीय."

आवडाबाईंनी चमचा तोंडात घातला. गार दूध तारेला लागलं तसं बरं वाटलं. दोन घास गेल्यावर अक्का हळूच म्हणाल्या, "फोटोचं मी बोलले व्हते तुला?"

"व्हय."

"मला नाय आठवत."

"मला आठवतं."

सव्विसाव्या वर्षी तेवढंच बोलून अक्का मांडवात पुढच्या कामाला लागल्या होत्या, आणि ही बाई तो शब्द चाळीस वर्षं घेऊन बसली होती. "चुकलं गं माझं," त्या म्हणाल्या. असलं वाक्य त्यांच्या तोंडून या घरात कुणी कधी ऐकलेलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारात उभा असलेला शिवमसुद्धा पाऊल न वाजवता मागं गेला.

*

साडेचारला फोन वाजला. चतुराबाईंचा होता, आणि त्यांना आवडाबाईंशीच बोलायचं होतं.

"ताई, मला राग आलाय," चतुराबाईंनी सुरुवातच तशी केली. "दाताचा नाय. मी तुमच्या मौनाला हात जोडले. खोट्याला हात जोडायला लावले तुम्ही."

"खरंय. मी माफी मागते. मनापासून मागते," आवडाबाई म्हणाल्या.

मग चतुराबाईंचा आवाज खाली आला. "लासूर येईस्तोर मी गाडीत बोलले नाय. मग अभय म्हणला, आई, मी बत्तीसचा हाय. मला कधी म्हणली का, तुझं कामाचं वय गेलं, आता लेकराचं बघ? मला उत्तर सुचलं नाय. ह्यांनी बी वर हसून घेतलं." त्या थांबल्या. "शिकू द्या पोरीला. पोरगी आवडली आम्हाला. पुढच्या रविवारी तुम्ही या आमच्याकडं. पण बोलायला या हो. गप बसायला नको."

आवडाबाईंनी फोनवर हात ठेवून सोनियाला सांगितलं. अक्का पिशवी सोडून पुढं सरकल्या.

"येऊ म्हण," सोनिया म्हणाली. "पण हो म्हणायला नाही, आई. मला त्यांच्याशी अजून दोन-चारदा बोलायचंय. महिना लागेल, दोन लागतील. परीक्षा झाल्यावर सांगेन."

"दोन महिने?" अक्कांच्या तोंडून निघालंच. "अगं, अठ्ठावीस..."

सगळ्यांनी त्यांच्याकडं पाहिलं.

"...म्हंजे काय लई नाय," अक्का म्हणाल्या. "सांग त्यांना. सावकाश म्हणून सांग."

*

ऊन उतरल्यावर आवडाबाई वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेल्या. बद्रीनाथ पाण्याच्या टाकीला टेकून बसले होते. दूर रेल्वेच्या रुळांवरून मालगाडी चालली होती. तिचे डबे मोजायची त्यांना सवय होती, पण आज मोजत नव्हते.

बासष्ट वर्षांच्या आयुष्यात बद्रीनाथांना मनातलं बोलायला कधी जमलं नव्हतं. सकाळपासून एक वाक्य त्यांच्या घशात अडकलं होतं आणि त्याऐवजी 'काढून टाक' बाहेर पडलं होतं.

"अहो, चहा आणू का?"

"नको." ते थांबले. "मला विचारायचं तरी होतंस."

"नको म्हणला असतात."

"म्हणलो असतो."

"लोक काय म्हणतील म्हणून?"

"लोकांचं नाय गं." बद्रीनाथांनी मान रुळांकडंच ठेवली. "चाळीस वर्षं ज्या तोंडाकडं बघून घर चालवलं, ते आता बदलणार. दोन वर्षांनी तू हसशील, तर ती दुसरीच बाई हसल्यासारखं वाटंल मला. मला आवडत होते ते दात. तू खळखळून हसली की आधी ते पुढं यायचे, मग तू."

आवडाबाईंच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. त्यांना आधी हसू आलं, मग डोळे भरून आले, आणि मग खराखुरा राग आला.

"आवडत होते?"

"व्हय."

"मग चाळीस वर्षांत एकदा तरी बोलायचं होतं!"

मालगाडीचा शेवटचा डबा गेला. "चुकलं," बद्रीनाथ म्हणाले. मग बऱ्याच वेळानं, "राहू दे मग त्या तारा?"

"राहणारच हाईत. तुमच्या आवडीसाठी नव्हते वाढवले, आन तुमच्यासाठी सरळ बी नाय करत."

"बरं." ते उठले, तिच्या हातातले अर्धे कपडे घेतले आणि जिन्याशी येऊन अडखळले. "दोन वर्षांनी कशी दिसशील कुणास ठाऊक."

"बघाल की," आवडाबाई म्हणाल्या. "दोन वर्षं कुठं चाललात?"